लाल खडूतली सिबिल: पूर्वतयारीचे रेखाटन कसे वाचावे

२०२६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने मायकेलअँजेलोचे एक लहानसे रेखाटन विकले. लाल खडूने काढलेले, टाच उचललेले एक पाऊल, एवढाच त्याचा विषय. १५ ते २० लाख डॉलर येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात शुल्कासह २ कोटी ७२ लाख डॉलर आले. बातमी वाचणाऱ्या बहुतेकांना एकच प्रश्न पडला असेल, की ज्यात ना चेहरा आहे, ना रंग, ना कुठली गोष्ट, अशा चिठोऱ्याएवढ्या कागदात असे आहे तरी काय?

हे पाऊल लिबियन सिबिल नावाच्या पौराणिक स्त्रीचे आहे. याच स्त्रीच्या तयारीसाठी मायकेलअँजेलोने केलेला सर्वांत प्रसिद्ध कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे १९२४ पासून आहे. पावलाचे मोल कळायचे असेल तर तो मोठा कागद वाचता आला पाहिजे आणि त्यासाठी चित्रकलेचे शिक्षण लागत नाही. कागदावरच्या प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारायचा असतो: ही खूण काढताना चित्रकाराला कशाचे उत्तर हवे होते?

सिबिल म्हणजे कोण?

ग्रीक आणि रोमन पुराणकथांमध्ये अंगात दैवी संचार होऊन भविष्य सांगणाऱ्या स्त्रियांना सिबिल म्हणत. त्या एकाहून अधिक होत्या आणि आपापल्या स्थानाच्या नावाने ओळखल्या जात. लिबियन सिबिलचा संबंध उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातील सिवा येथील आमोन देवाच्या कौलाशी जोडला जातो. पौसानियस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने तिला झ्यूस आणि लामिया यांची मुलगी म्हटले आहे.

अशी परधर्मीय भविष्यवेत्ती रोममध्ये, थेट पोपच्या प्रार्थनागृहाच्या छतावर कशी पोहोचली? ख्रिस्ताच्या आगमनाचे भाकीत ज्यू प्रेषितांप्रमाणे सिबिलांनीही केले होते, अशी समजूत मध्ययुगापासून रूढ होती. म्हणून पोप दुसरा ज्युलियस याच्या सांगण्यावरून मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात सिस्टिन चॅपेलचे छत रंगवले, तेव्हा त्यावर सात प्रेषितांबरोबर पाच सिबिलही बसवल्या. लिबियन सिबिल वेदीच्या बाजूला आहे. आपल्याकडे पाठ करून, अंग पिळून, तिने एक अवजड उघडा ग्रंथ दोन्ही हातांत धरला आहे. ती तो खाली घेते आहे की मिटून ठेवते आहे, यावर आजही दोन मते आढळतात. मायकेलअँजेलोचा चरित्रकार वासारी याला तर एकाच हालचालीत तिचे उठणे आणि ग्रंथ मिटणे दोन्ही दिसले आणि असे काही दुसऱ्या कुणाला जमणे जवळजवळ अशक्य आहे, असा अभिप्राय त्याने दिला. वासारी मायकेलअँजेलोचा निस्सीम भक्त होता हे लक्षात घेऊनही या ठिकाणी त्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

आधी कागदावर का काढायचे?

छतावरचे चित्र 'फ्रेस्को' पद्धतीचे आहे. भिंतीवर चुन्याचा ताजा गिलावा देतात आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. गिलावा वाळताना रंग त्यात कायमचा बसतो. त्यामुळे एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज द्यावा लागतो. चूक झाली तर तो तुकडा खरवडून पुन्हा गिलावा देण्यापासून सुरुवात करावी लागते, किंवा वाळल्यावर वरून रंग लावावा लागतो आणि तो तितका टिकत नाही. मचाणावर उभे राहून, मान वर करून, जमिनीपासून सुमारे २० मीटर उंचीवर हे काम चालू असताना 'खांदा थोडा वळवून बघू' असे म्हणायला वावच नसतो.

म्हणून सारा विचार आधी कागदावर व्हायचा. प्रथम मनातली कल्पना टिपणारी घाईची टिपणे, मग समोर माणूस बसवून केलेला एकेका अवयवाचा अभ्यास, आणि शेवटी चित्राच्या मूळ आकाराएवढा कागदी आराखडा. या शेवटच्या आराखड्याला 'कार्टून' म्हणतात. आजच्या व्यंगचित्राशी त्याचा काही संबंध नाही. कार्टून गिलाव्यावर धरून त्यातील रेषा खाली उतरवत. रेषांवर टोचलेल्या बारीक भोकांतून कोळशाची पूड झिरपवत, नाहीतर टोकदार सळईने रेषेवरून दाब देऊन ओल्या गिलाव्यात खाच पाडत. मायकेलअँजेलोने छतावर या दोन्ही युक्त्या वापरल्या आहेत.

मेट्रोपॉलिटनचा कागद यांपैकी मधल्या टप्प्यावरचा, म्हणजे अभ्यासाचा आहे. गणिताच्या उत्तरपत्रिकेत समासाबाहेर केलेले कच्चे काम असते, तसे त्याचे स्वरूप आहे. तिथे अक्षर नीटनेटके नसते, आकडे कुठेही पसरलेले असतात, सोपी पायरी गाळलेली असते आणि जिथे अडले तिथे तीच बेरीज पुन्हा मांडलेली असते. उत्तर छतावर आहे. ते कसे आले हे या कागदावर आहे.

कागदावर काय दिसते?

कागद साधारण २९ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आजच्या ए-फोर पानाएवढा. काळ १५१० ते १५११ च्या आसपासचा. त्यावर सर्वांत मोठी आकृती आहे ती पाठमोऱ्या, विवस्त्र, हात फैलावलेल्या मॉडेलची. मान वळवून तो खाली पाहतो आहे, त्यामुळे चेहरा एका बाजूने दिसतो. पाठीवरचे काम इतके बारकाईचे आहे, की कण्याची खोलगट रेघ, खांद्यांची हाडे आणि त्यांच्याभोवती ताणले गेलेले स्नायू बोटाने चाचपता येतील असे वाटते. हीच आकृती कंबरेखाली मात्र विरत जाते. तिथे पुसट बाह्यरेषा आहेत आणि फारसे काही नाही.

उरलेल्या जागेत सुटे अवयव आहेत: पुन्हा काढलेला चेहरा, डावा हात, धडाची कच्ची रूपरेषा आणि खाली पायाची बोटे, तीही एकदाच काढून न थांबता पुन्हा पुन्हा काढलेली.

पाहणारा बहुधा पाठीवरच खिळतो, आणि ते समजण्यासारखे आहे. पण चित्रकाराची अडचण ओळखायची असेल तर पाठीपेक्षा बोटांकडे अधिक वेळ पाहावे, असे माझे मत आहे. जे एकदाच काढून सोडून दिले ते त्याला पटले असावे. जे पुन्हा काढले तिथे काही तरी अडत होते.

बोटांपाशी काय अडत होते?

छतावरच्या सिबिलची स्थिती शब्दांत सांगायला सोपी आणि शरीराला महाकठीण आहे. ती आसनावर आहे, पण पूर्ण बसलेली नाही. पाय एका दिशेला, खांदे दुसरीकडे, मान तिसरीकडे. हातांत जड ग्रंथ. आणि टाचा उचललेल्या. म्हणजे शरीराचा आणि ग्रंथाचा बराचसा भार चवड्यावर, त्यातही पायाच्या अंगठ्यावर येतो. तो अंगठा जमिनीवर दाबलेला दिसला नाही, तर वरची सगळी पिळदार आकृती हवेत तरंगू लागेल आणि ग्रंथाला वजनच उरणार नाही.

भार पडला की अंगठ्याचे पेर बाजूला पसरते, शेजारची बोटे थोडी आखडतात, चवड्याच्या खालचे मांस चपटे होते आणि पायाच्या वरच्या अंगाला शीर ताणली जाते. यांपैकी किती दाखवायचे आणि किती गाळायचे? जास्त दाखवले तर पाऊल वेदनेने आक्रसल्यासारखे दिसेल, कमी दाखवले तर ते निर्जीव होईल. खालच्या बोटांच्या रेखाटनांमध्ये अंगठ्याचा दाब बदलत गेलेला जाणवतो. लिलावात विकले गेलेले उजवे पाऊल याच चौकशीचा दुसरा तुकडा आहे. एका पावलावर इतका खल का, याचे कारण चित्राच्या रचनेत आहे: सारी इमारत त्या दोन आधारांवर उभी आहे.

पण ही पाठ तर पुरुषाची आहे

हा आक्षेप प्रत्येक नव्या पाहणाऱ्याच्या मनात येतो आणि तो बरोबर आहे. मॉडेल तरुण पुरुष आहे, बहुधा कार्यशाळेतलाच एखादा मदतनीस. त्या काळच्या इटलीत कार्यशाळेतल्या पोरांना हवे तसे उभे करून त्यांच्यावरून देवदूत, संत, माता आणि देवी काढणे हा नित्याचा परिपाठ होता. कार्यशाळा पुरुषांची असे आणि स्त्रीने विवस्त्र उभे राहणे समाजाला मान्य नव्हते. शिवाय हात उंचावून, कंबर पिळून, चवड्यावर तोल सांभाळत स्थिर राहायचे म्हणजे अंगात ताकद हवी.

मग पुरुषाची स्त्री होते कुठे? तिची सुरुवात याच कागदावर झालेली दिसते. मोठ्या आकृतीतला चेहरा मॉडेलचाच आहे. कपाळ, नाक आणि जबड्याचा काटकोनी रोख पुरुषी वाटतो. तोच चेहरा वेगळा काढताना रेषा मृदू झाल्या आहेत, ओठांची आणि हनुवटीची वळणे सैल झाली आहेत. छतावर पोहोचेपर्यंत तिला वेणीफणी मिळते, डोक्याला पट्टा मिळतो, अंगावर पिवळे वस्त्र येते. दंड आणि खांदे मात्र या कागदावरून आले तसेच राहतात, भरदार.

येथे एक उपप्रश्न निघतो. इतक्या कष्टाने अभ्यासलेली पाठ शेवटी वस्त्राखाली गेली, तर ती मेहनत वाया गेली असे नाही का? मायकेलअँजेलो जिथे घडला त्या इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या परंपरेत शिकवण याच्या उलट होती. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती या कलाविषयक ग्रंथकाराने १४३५ च्या सुमारास चित्रकारांना सांगून ठेवले होते, की वस्त्र चढवण्याआधी आकृती विवस्त्र काढावी. कापडाची घडी कुठे पडते हे खालच्या शरीरावर ठरते; शरीर चुकले तर घडी खोटी पडते. मायकेलअँजेलोने तरुणपणी फ्लॉरेन्समध्ये सान्तो स्पिरितो या मठाच्या आश्रयाने शवविच्छेदनही केले होते. तेव्हा सिबिलच्या चोळीखालची पाठ कुणाला दिसणार, हा प्रश्न त्याने विचारला असण्याची शक्यता कमीच.

म्हणजे त्याला स्त्री काढताच येत नव्हती?

असे म्हणणारे बरेच आहेत आणि मायकेलअँजेलोच्या काही स्त्रीप्रतिमा पाहता त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तुलनेसाठी त्याचा समकालीन इटालियन चित्रकार राफाएल पाहावा. रोममधील व्हिला फार्नेसिना या हवेलीच्या सज्ज्याच्या छतावर प्रेमदेव क्यूपिड आणि त्याची प्रेयसी साइकी यांची कथा रंगवलेली आहे. तिच्यातील विवाहभोजनाच्या चित्रासाठी त्याने १५१७-१८ च्या सुमारास तीन ग्रेसेस, म्हणजे सौंदर्याच्या तीन देवता, लाल खडूने काढल्या. तो कागद इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. तिन्ही आकृत्या एकाच स्त्रीच्या तीन बाजू असाव्यात असे दिसते. पोटाची, मांड्यांची, दंडांची मऊ गोलाई प्रत्यक्ष स्त्रीदेह पाहून आली आहे. म्हणजे स्त्री मॉडेल मिळणे दुर्मीळ असले तरी अशक्य नव्हते.

मग मायकेलअँजेलोने पुरुष का निवडला? केवळ सोय हे उत्तर मला अपुरे वाटते. त्याची सिबिल घरातली किंवा दरबारातली स्त्री नाही. देवाचा संदेश अंगावर पेलणारी ती एक शक्ती आहे आणि त्याच्या लेखी शक्तीची भाषा म्हणजे पाठीचे आणि खांद्यांचे स्नायू. राफाएलला त्या भोजनसमारंभात लालित्य हवे होते, मायकेलअँजेलोला सामर्थ्य. दोघांनी आपापल्या गरजेनुसार मॉडेल पाहिले, असे म्हटले तर दोन्ही कागद अधिक नीट समजतात.

लाल खडूच का?

हा खडू म्हणजे लोहयुक्त लाल माती, खाणीतून निघालेली. तिला टोक काढता येते, त्यामुळे केसासारखी रेघही उठते, आणि बाजूने घासली तर मऊ सावली पडते. त्वचेच्या उबदार रंगाला ती जवळची आहे. तोटा असा, की ती पूर्णपणे पुसली जात नाही. म्हणून जिथे मत बदलले तिथे जुनी रेघ खाली राहते आणि नवी तिच्यावर येते. पाहणाऱ्याच्या दृष्टीने हे वरदानच आहे.

सावल्यांकडेही जवळून पाहावे. त्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघांच्या जाळीतून तयार झाल्या आहेत आणि या रेघा स्नायूच्या उंचवट्याला वळसा घालून जातात. छटा गडद करणे आणि आकार सांगणे ही दोन्ही कामे एकच रेघ करते. मोठ्या आकृतीच्या डाव्या खांद्यावर पांढऱ्या खडूचे थोडेसे ठिपके आहेत. बाकी सर्वत्र उजेड दाखवायला कोरा कागद पुरला. फक्त तिथे पुरला नाही. प्रकाश सर्वांत जोरात कुठे पडणार, म्हणजे खालून पाहणाऱ्याचा डोळा प्रथम कुठे जाणार, हे त्याने तेथे ठरवून टाकले.

ही नक्कल नाही कशावरून?

छताचे काम पूर्ण झाल्यापासून पिढ्यान् पिढ्या चित्रकार तिथे जाऊन नकला काढत आले आहेत. तेव्हा एखादा कागद आधीचा की नंतरचा, हा संशय घेतलाच पाहिजे. सर्वांत उपयोगी पुरावा असतो तो फरकांचा. नक्कल करणारा डोळ्यांसमोरच्या पूर्ण चित्रावर अवलंबून असतो. तो वस्त्र काढील, वेणी काढील, ग्रंथ काढील. वस्त्राखालची पाठ त्याला दिसतच नाही. आपल्या कागदावर ग्रंथ नाही, वेणी नाही आणि छतावर झाकलेली पाठ उघडी आहे. शिवाय महत्त्वाच्या जागी अतोनात श्रम आणि इतरत्र निष्काळजी वाटावी अशी घाई, हा असमतोलही बोलका आहे. नकलाकार सहसा सगळीकडे सारखीच मेहनत घेतो, कारण त्यातले काय महत्त्वाचे हे त्याला ठरवायचे नसते.

त्याखेरीज कागदाची बनावट, जलचिन्ह (उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणारी कारखान्याची खूण), मालकीचा इतिहास आणि त्याच कामाशी संबंधित इतर कागद पाहिले जातात. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये असाच एक कागद आहे. त्यावर लिबियन सिबिलच्या शेजारचा मुलगा आणि तिचा उजवा हात लाल खडूत आहेत, आणि उरलेल्या जागेत पोप ज्युलियसच्या समाधीसाठीच्या बंदिवानांच्या पुतळ्यांची लेखणीने केलेली टिपणे. कागद महाग होता, त्यामुळे संपलेल्या कामाच्या शेजारी पुढचे काम सुरू होई. मेट्रोपॉलिटनच्या कागदाची मागची बाजूही अशीच काळ्या खडूने वापरलेली आहे.

प्रत्येक रेखाटन 'आधीचे'च असते का?

नाही, आणि इथे घाईने निष्कर्ष काढणारे फसतात. त्याच वर्षांत, त्याच पोपसाठी, सिस्टिन चॅपेलपासून जवळच राफाएल पोपच्या दालनांमध्ये 'पार्नासस' हे भित्तिचित्र रंगवत होता. त्यातील एका म्यूझचे, म्हणजे कलेच्या अधिष्ठात्री देवतांपैकी एकीचे मस्तक त्याने काळ्या खडूने काढले आहे. हे रेखाटन २००९ मध्ये लंडनमध्ये सुमारे २ कोटी ९२ लाख पौंडांना विकले गेले. त्याच्या रेषांखाली बारीक ठिपक्यांची माळ आहे. ती आली कार्टूनच्या भोकांतून. म्हणजे कार्टून आधी झाले, मग त्यातले फक्त मस्तक दुसऱ्या कागदावर उतरवले गेले, आणि त्यावर भाव आणि छाया यांचे काम झाले.

या मस्तकाला 'कुठली स्थिती घ्यावी?' हा प्रश्न विचारून उपयोग नाही, कारण तो केव्हाच सुटला होता. त्याचा प्रश्न आहे तो नजर किती झुकावी आणि गालावर सावली किती दाट असावी, एवढाच. टप्पा ओळखल्याशिवाय अर्थ लावायला बसले, की अशी सफाई पाहून 'हाताला जराही संकोच नाही' असे भलतेच कौतुक होते.

आपण यात नको इतके वाचत तर नाही?

हा धोका खरा आहे. पुन्हा काढलेली बोटे म्हणजे अडचणच, असे गृहीत धरता येत नाही. एखाद्या वेळी चित्रकार नुसता हात साफ करतो. मोठ्या आकृतीआधी बोटे काढली की नंतर, हेही नुसत्या नजरेने ठामपणे सांगता येत नाही. म्हणून दोन गोष्टींचा मेळ बसल्याशिवाय दावा करू नये. बोटांच्या बाबतीत तो बसतो: कागदावर पुनरावृत्ती आहे, छतावर टाच उचललेली आहे, आणि पावलाचा स्वतंत्र अभ्यासही सापडला आहे. उलट मॉडेलच्या चेहऱ्यावरचा भाव कसला, यावर पानेच्या पाने लिहिली गेली तरी त्याला कागदाबाहेर आधार मिळत नाही.

किमतीचे कोडे

मृत्यूपूर्वी मायकेलअँजेलोने आपली पुष्कळ रेखाटने जाळून टाकली, असे वासारी सांगतो. आपण किती कष्ट घेतले हे कुणाला दिसू नये, अशी त्याची इच्छा होती. आज त्याची म्हणून मानली जाणारी रेखाटने सुमारे ६०० आहेत आणि त्यांतील बहुतेक सर्व संग्रहालयांत आहेत, म्हणजे कधीच विक्रीला येणार नाहीत. सिस्टिन छताशी थेट नाते सांगणारा कागद खासगी हातांतून बाजारात येणे ही तर अपूर्वाईच. २ कोटी ७२ लाख डॉलरमध्ये या दुर्मीळपणाचा आणि श्रीमंतांच्या चढाओढीचा वाटा मोठा आहे. त्या आकड्यावरून पावलाची गुणवत्ता मोजायला जाऊ नये.

असे कागद उजेडाने खराब होतात म्हणून ते वर्षानुवर्षे अंधारात ठेवलेले असतात आणि प्रत्यक्ष पाहायला क्वचित मिळतात. मात्र मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून आपल्या संग्रहातील स्वामित्वहक्कमुक्त कृतींची मोठ्या आकारातील छायाचित्रे इंटरनेटवर मोफत खुली केली आहेत. सिबिलचा हा कागद तिथे हवा तितका मोठा करून पाहता येतो. शेजारी छतावरच्या सिबिलचे छायाचित्र ठेवावे, पण ते १९८० च्या दशकातील सफाईनंतरचे निवडावे. त्याआधीच्या छायाचित्रांत शतकांच्या काजळीमुळे तिचे पिवळे वस्त्र मळकट दिसते आणि खांद्यावरचा उजेड, ज्यासाठी कागदावर पांढरा खडू लागला होता, तो जवळजवळ कळतच नाही.